चान्स घेताना लो डोस अ‍ॅस्पिरिन

लो डोस अ‍ॅस्पिरिन म्हणजे रोज एकदा घ्यायची ७५ ते १५० मिलिग्रॅमची छोटी गोळी. काही बायकांना ती दिवस राहायच्या आधीपासूनच, म्हणजे चान्स घेत असतानाच सुरू करतात, त्याबद्दल ही नोंद आहे. आपल्याकडे ही गोळी ७५ आणि १५० मध्ये मिळते, अमेरिकेत ८१ मध्ये. हा ८१ चा विचित्र आकडा जुन्या ग्रेनच्या मापातून आलाय, पाच ग्रेनची पूर्ण गोळी साधारण ३२५ मिलिग्रॅमची आणि तिचा चतकोर म्हणजे ८१. तिकडे हिला अजूनही बेबी अ‍ॅस्पिरिन म्हणतात, पण लहान मुलांना ती आता सहसा देत नाहीत (राय सिंड्रोम या मेंदू आणि लिव्हरवर परिणाम करणाऱ्या दुर्मिळ आजाराच्या भीतीने) आणि होणाऱ्या बाळाशी तर त्या नावाचा काहीच संबंध नाही.

आपल्याकडे बऱ्याच घरांत ही गोळी आधीपासूनच असते. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली असते, बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात इकोस्प्रिन ७५ ची (हे या अ‍ॅस्पिरिनचंच एक ब्रँडनाव) स्ट्रिप पडलेली असते, आणि मग एक दिवस सुनेच्या चिठ्ठीवर फॉलिक अ‍ॅसिडच्या खाली तेच नाव येतं. सासूबाई स्ट्रिप उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "अगं ही तर ह्यांची हार्टची गोळी, तुला कशाला दिली?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गोंधळ असा की या प्रश्नाची निदान चार वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि मैत्रिणीचं उत्तर ते आपलं असेलच असं नाही.

"रक्त पातळ करायची गोळी" हे बोलायला सोपं, पण रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही. होतं काय तर प्लेटलेट एकमेकींना कमी चिकटतात. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूमुळे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे समजायला सोपं जावं. प्लेटलेटमध्ये कॉक्स-१ नावाचं एक एन्झाइम असतं, त्यातून थ्रॉम्बॉक्सेन बनतं आणि ते गुठळी व्हायला मदत करतं. अ‍ॅस्पिरिन हे एन्झाइम कायमचं बंद पाडतं आणि प्लेटलेटला नवीन बनवता येत नाही, म्हणून ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, परिणाम राहतो आणि एवढीशी गोळी दिवसातून एकदाच पुरते. अ‍ॅस्पिरिन नेमकं कसं काम करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. यावरून डॉक्टरांना सुचलं ते असं, की गर्भपिशवीच्या अस्तराकडे आणि पुढे वारेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या नाहीत, सूज कमी राहिली, तर गर्भ नीट रुजेल. विचार पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो इतका पसरला. पण पटणं वेगळं आणि ट्रायलमध्ये दिसणं वेगळं.

सगळ्यात पक्कं उत्तर आहे ते अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं, डॉक्टर लोक नुसतं एपीएस किंवा एपीएलए म्हणतात. यात शरीर स्वतःविरुद्धच अँटीबॉडी बनवतं, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि परत परत मिसकॅरेज होतं, किंवा ठोके दिसलेले असताना, दहा आठवड्यांच्या पुढे गेलेलं बाळ अचानक जातं. याच्या रक्ताच्या टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आल्या की झालं असं नाही, किमान १२ आठवड्यांनी परत कराव्या लागतात, कारण साध्या इन्फेक्शननेही काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतात. आणि ही दुसरी टेस्ट खूप जणींची राहूनच जाते, एका रिपोर्टवर आयुष्यभराचा शिक्का बसतो. निदान पक्कं असेल तर अ‍ॅस्पिरिन बरेचदा चान्स घेतानाच सुरू होतं आणि किट पॉझिटिव्ह आलं की सोबत हेपारिनची, म्हणजे गुठळ्या रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाची, इंजेक्शनं. ती पोटावर, बेंबीपासून जरा लांब, चिमटीत कातडी धरून रोज घ्यायची असतात, कधी नवरा देतो कधी स्वतःच, आणि महिन्याभरात पोट निळ्या-हिरव्या डागांनी भरून जातं. लंडनमध्ये ९० बायकांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना मूल झालं आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ७१ टक्के जणींना. म्हणजे इथेही खरा जोर हेपारिनचा दिसतो, गोळी जोडीला आहे.

दुसरा गट म्हणजे ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दोन-तीनदा मिसकॅरेज झालेलं. कारण सापडत नाही म्हणून "घेऊन बघू, नुकसान तर नाही ना" असं म्हणून गोळी सर्रास दिली जायची, अजूनही दिली जाते. नेदरलँड्समध्ये अशा ३६४ बायकांची ट्रायल झाली, २०१० मध्ये निकाल आला. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ५०.८ टक्के, अ‍ॅस्पिरिन अधिक हेपारिनवाल्यांत ५४.५ टक्के आणि बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत ५७ टक्के जणींना मूल झालं. हा फरक योगायोगाचा म्हणण्याइतकाच होता, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने वाईट झालं असं म्हणता येत नाही, पण फायदा झाला असंही नाही. माझ्या मते यातला वाचण्यासारखा आकडा ५७ आहे, काहीही औषध न घेता निम्म्याहून जास्त. हा आकडा ओपीडीत कोणी सांगत नाही.

आता खरी भानगड तिसऱ्या उत्तरात आहे. ईगर नावाची अमेरिकन ट्रायल, युटा, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कोलोराडो अशा चार राज्यांत. एक किंवा दोन मिसकॅरेज झालेल्या १,२२८ बायका, निम्म्यांना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना नकली गोळी, फॉलिक अ‍ॅसिड सगळ्यांनाच. सहा पाळ्यांपर्यंत गोळी चालू, दिवस राहिले तर ३६ आठवड्यांपर्यंत. २०१४ मध्ये आलेला निकाल: मूल झालं अ‍ॅस्पिरिनवर ५८ टक्के विरुद्ध नकली गोळीवर ५३ टक्के, मिसकॅरेज १३ विरुद्ध १२, म्हणजे ठाम काही म्हणता येईना. पण ज्यांना मागच्या वर्षभरातच एकच, २० आठवड्यांच्या आतलं मिसकॅरेज झालं होतं त्यांच्यात ६२ विरुद्ध ५३ निघाले. मग २०२१ मध्ये त्याच आकड्यांचा नव्याने हिशेब झाला, या वेळी गोळी दिली कोणाला यापेक्षा खाल्ली कोणी हे बघून. दिवस राहायच्या आधीपासून आठवड्यातले किमान पाच दिवस ज्यांनी गोळी खरंच घेतली त्यांच्यात दर १०० बायकांमागे १५ बाळं जास्त, असा तो अंदाज. इंटरनेटवर जे "अ‍ॅस्पिरिनने दिवस राहतात" फिरतं त्याचं मूळ बहुतेक इथे आहे. पण नंतर केलेला हिशेब हा मूळ निकालाइतका भक्कम धरत नाहीत, कारण जी बाई न चुकता गोळी घेते तिच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात (संशोधकांनी ते जमेल तेवढं सांभाळलं होतं), आणि त्या बायका बहुतांश गोऱ्या अमेरिकन होत्या. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये म्हटलं होतं की दुसरं कारण नसेल तर नुसतं सुरुवातीचं मिसकॅरेज टाळायला अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

आयव्हीएफचंही (टेस्ट ट्यूब बेबीचंही) असंच. १९९९ मध्ये अर्जेंटिनातून २९८ बायकांवरचा एक जोरदार निकाल आला, प्रेग्नन्सी ४५ टक्के विरुद्ध २८, आणि जगभरच्या सेंटरनी गोळी प्रोटोकॉलमध्ये घातली. पुढच्या ट्रायलमध्ये तो फायदा काही परत दिसला नाही, गोळी मात्र बऱ्याच चिठ्ठ्यांवर राहिली.

चौथ्या उत्तराचा चान्स घेण्याशी संबंधच नाही, पण गल्लत इथेच होते. प्रेग्नन्सीत प्रीएक्लॅम्प्सिया (बीपी वाढून आई आणि बाळ दोघांना धोका होतो तो आजार) होऊ नये म्हणून धोका जास्त असलेल्यांना अ‍ॅस्पिरिन देतात, त्याला चांगला पुरावा आहे, पण ते सुरू होतं १२ आठवड्यांच्या आसपास. २०१७ च्या एका युरोपीय ट्रायलमध्ये रात्री झोपताना १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. आपल्याला जवळची ट्रायल म्हणजे २०२० मध्ये छापून आलेली, सहा देशांतल्या जवळपास १२ हजार पहिलटकरणींची, त्यात नागपूर आणि बेळगाव दोन्हीकडच्या बायका होत्या. सहाव्या ते तेराव्या आठवड्यात ८१ मिलिग्रॅम सुरू केलं आणि वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. जावेला सातव्या महिन्यात अ‍ॅस्पिरिन चालू होतं म्हणून आपण पाळी चुकायच्या आधीच सुरू करायचं, असा अर्थ यातून निघत नाही.

"नुकसान तर नाही ना" याबद्दल. बहुतेकींना त्रास होत नाही हे खरं. पण काहींचं पित्त वाढतं, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावरून थोडं लाल जातं. ईगरमध्येही अ‍ॅस्पिरिनवर असं अंगावरून जाणं जास्त दिसलं, त्याचा मिसकॅरेजशी संबंध आढळला नाही, पण आधीच एकदा बाळ गेलेल्या बाईला बाथरूममध्ये तो डाग दिसला की तिची काय अवस्था होते हे आकड्यात येत नाही. पोटात अल्सर, अ‍ॅस्पिरिनने दमा उसळणं, रक्तस्रावाचा आजार असेल तर ही गोळी नको. गोळीवर कोटिंग असतं ते पोटाला त्रास कमी व्हावा म्हणून, त्यामुळे १५० ची अर्धी तोडून ७५ करायची नाही. डोकं दुखतंय म्हणून डिस्प्रिन किंवा ब्रुफेन वर घ्यायचं नाही, ब्रुफेनमुळे अ‍ॅस्पिरिनचं काम बिघडू शकतं आणि अशी पेनकिलर अंडं फुटायच्या दिवसांत घेतली तर अंडं फुटणंच लांबू शकतं, पॅरासिटॅमॉल चालतं. दाढ काढायची असेल तर डेंटिस्टला आधी सांगायचं, आदल्या दिवशी गोळी बंद करून भागत नाही. आणि पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची टेस्ट होईपर्यंत गोळी घेऊ का म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, मेडिकलवाल्याला नाही.