आई झालेला दादला

कुडाळजवळच्या एका तळ्यावर कोळंबीची काढणी बघायला गेलो होतो. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकला, ओढला आणि घमेल्यात झटकला. वर एक धिप्पाड कोळंबी, तिचे निळेगर्द डेंगे, म्हणजे नांग्या, अंगापेक्षाही लांब. शेजारी पोटाशी नारिंगी अंडी धरलेल्या दोन-तीन मध्यम, आणि तळाशी बोटाएवढ्या किडकिडीत. सगळं बीज एकाच दिवशी सोडलेलं. मालक एकेक उचलून दाखवायला लागले. "ह्यो दादलो, ही बायल. आणि ह्यो बारको? ह्यो पण दादलोच."

गोड्या पाण्यातल्या या मोठ्या कोळंबीचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, बाजारातलं नाव स्कॅम्पी. दर काउंटवर ठरतो, म्हणजे किलोत किती नग बसतात त्यावर. मादी वयात आली की खाल्लेलं अंड्यांत घालते, म्हणून तिची वाढ मागे पडते. नराचं वजन भरतं. मग सगळं बीज नराचंच का सोडू नये? अडचण अशी की तळ्यात सोडताना ते इतकं बारीक असतं की नर कुठला नि मादी कुठली, हे डोळ्यांना कळत नाही.

नराचं नरपण त्याच्या पाचव्या पायाच्या मुळाशी, आत दडलेल्या एका इवल्याशा ग्रंथीत असतं. ती इन्सुलिनसारखं एक संप्रेरक सोडते. ते मिळालं तर शरीर नराचं घडतं, नाही मिळालं तर मादीचं. इस्रायली शास्त्रज्ञ अमीर सागी यांनी 1990 च्या सुमारास कोवळ्या नरांची ही ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली, तर त्यांतल्या काहींच्या चक्क माद्या झाल्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली कोळंबीच्या पिल्लावर शस्त्रक्रिया हे हॅचरीत, म्हणजे कोळंबीचं बीज तयार करतात तिथे, रोज करण्याजोगं काम नव्हे.

वाट सापडली ती वेगळ्याच शेतात. 1990 मध्येच अमेरिकेत पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करायला म्हणून रंगाचं जादा जनुक घातलं, तर काही झाडांना पांढरी फुलं आली. का, ते तेव्हा कुणालाच धड सांगता येईना. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत त्यामागची युक्ती उलगडली आणि 2006 चं नोबेल मिळवलं.

पेशीत जनुक म्हणजे कुलुपात ठेवलेली पाककृतीची वही. वही स्वयंपाकघरात जात नाही, तिच्यावरून उतरवलेली चिठ्ठी जाते. ही चिठ्ठी म्हणजे निरोप्या आरएनए. तो एकेरी धाग्याचा असतो. दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला की पेशीला विषाणूचा संशय येतो. ती त्याचे 21-22 अक्षरांचे तुकडे पाडते आणि त्या तुकड्यांशी जुळणारी प्रत्येक चिठ्ठी शोधून फाडते. आपण त्या संप्रेरकाच्या चिठ्ठीशी जुळणारा दुहेरी आरएनए मुद्दाम टोचला, तर पेशी स्वतःच्याच चिठ्ठ्या फाडत बसते. वही जागच्या जागी, पण पदार्थ शिजत नाही. यालाच जनुक गप्प करणं म्हणतात.

बेन-गुरियन विद्यापीठात सागींच्या गटाने कोवळ्या नरांना हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिलं. 2012 मध्ये त्यांनी कळवलं, की एकच जनुक गप्प करून नराची अंडी देणारी मादी झाली. वेळ मात्र साधावी लागते. शरीर एकदा नराच्या वळणावर गेलं की उशीर झाला.

खरी गंमत पुढे आहे. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची नावं झेड आणि डब्ल्यू. कोंबड्यांसारखंच इथेही नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. आपली ही नवी मादी दिसायला मादी, पण आतून झेड-झेडच. तिचा साध्या नराशी जोडा लावला तर पोरांत डब्ल्यू येणार कुठून? सगळे नर. आणि सुई आईला टोचलेली, पोरांना नाही. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं, त्यामुळे जनुक-बदल केलेल्या बियाण्यांवरचे आक्षेप सरसकट इथे लावू नयेत, असं माझं मत.

म्हणून नुसते नर सोडले की झालं, असंही नाही. निळ्या डेंग्यांचा नर तळ्यात दादागिरी करतो आणि बारक्यांची वाढ त्याच्या वचकाने खुंटते. मधले नारिंगी डेंग्यांचे नर जोरात वाढतात, आजूबाजूच्या निळ्याहून मोठे झाले की स्वतः निळे होतात आणि मग त्यांचीही वाढ मंदावते. सगळ्या माद्याच वाढवायचेही प्रयोग झालेत. त्या भांडतात कमी, आकार सारखा, आणि दाटीने सोडता येतात.

कोकणाच्या दृष्टीने मला हॅचरीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ही कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं, हजारी सुमारे 12 भाग मीठ असलेलं. नदीतली मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते ती त्यासाठीच. आपल्या नद्या आखूड. गोडं आणि खारं पाणी इथे शेजारी-शेजारी नांदतं.

हे सगळं मी तळ्याच्या बांधावर बसून सांगितलं. मालकांचे हात थांबले नव्हते. निळे घमेल्यात, नारिंगी परत पाण्यात. निळा काढला की मागचे वाढतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"म्हणजे आवस पण दादलो, बापूस पण दादलो?" त्यांनी विचारलं, आणि हसत पुन्हा पाग खांद्यावर घेतला.