उंडेरा, प्लेग आणि अर्ध्या घराला टोचलेली लस

बडोद्यात गोरव्याच्या पुढे रिफायनरीच्या बाजूला गेलं की उंडेरा लागतं, आता तर ते शहरातच धरतात. बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींना दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागर सगळं तोंडपाठ, पण लशींच्या इतिहासात बडोद्याचं नाव येतं ते या उंडेऱ्यामुळे, हे फारसं कुणाच्या गावीही नसतं. शाळेत प्लेग म्हटलं की पुणं, रँड, चाफेकर, आणि फार तर सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या ते. लशीचं राहूनच जातं.

मागचं थोडक्यात असं की जेनर या इंग्लिश डॉक्टरने १७९६ मध्ये गवळणीच्या हातावरच्या गाईच्या देवीच्या फोडातला द्रव एका आठ वर्षांच्या पोराला टोचला, आणि मग त्या पोराला माणसाची देवी काही लागेना. आपल्याकडे पहिली लस १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिली, तिच्या फोडातून पुढच्याला, त्याच्या फोडातून त्याच्या पुढच्याला, असं करत करत ती पुणे, सुरतेपर्यंत पोचली. बर्फ नाही, फ्रीज नाही, माणसांच्या दंडावरूनच प्रवास! पण ही लस लागू का पडते ते कुणालाच सांगता येत नव्हतं. रोग जंतूंमुळे होतात हेच मुळात पाश्चर आणि कॉख या शास्त्रज्ञांच्या काळात नक्की झालं.

मग १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन तिथे पोचला. हा ओडेसाचा, नंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, कॉलऱ्याची लस घेऊन आधीच भारतात फिरलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगचे जंतू वाढवले ते बोकडाच्या मटणाच्या सूपमध्ये, कारण गाय किंवा डुक्कर वापरलं असतं तर लस घ्यायला कोण येणार होतं. वर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना धरून जंतू खाली मुळ्यांसारखे लोंबत वाढायचे, फ्लास्क हलवला की तुटून तळाला बसायचे आणि वर परत नवे वाढायचे. पुरेसे झाले की गरम करून मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड (जंतुनाशक) घालायचं, झाली लस. (तुपाचा असा उपयोग आपल्या आज्यांनाही सुचला नसता.) १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, चांगला ताप आला, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली.

तरी शंका होतीच, की लस घेणारे मुळात धडधाकट किंवा काळजी घेणारे असतील म्हणून वाचत असतील. ती शंका काढायला १८९८ मध्ये उंडेरा निवडलं. सयाजीराव महाराजांचं राज्य, गावात प्लेग आधीच शिरलेला. घरवार माणसं बोलवून प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या लोकांना टोचलं, अर्ध्यांना नाही. म्हणजे एकच घर, एकच चूल, उंदीरही तेच, फरक फक्त लशीचा. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला त्यात न टोचलेले ६४ जण होते, त्यातल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ गेले. टोचलेले ७१, त्यातल्या ८ जणांना झाला, ३ गेले.

हे आकडे मला अजूनही अस्वस्थ करतात, कारण ते २६ जण मुद्दाम वगळलेल्या अर्ध्यातले होते, आणि त्यांना कुणी नीट समजावून विचारलं असेल असं मला तरी वाटत नाही. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे पास करणार नाही. पण पुरावा म्हणून बघितलं तर इतका साफ हिशोब त्या काळी क्वचितच मिळायचा.

गंमत म्हणजे लस का चालते यावर तेव्हा युरोपात जुंपलेलीच होती. हाफकिनचाच ओडेसातला गुरू मेचनिकॉफ, त्याने १८८२ ला तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचून पाहिलं तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या, म्हणून त्याचं म्हणणं की पेशीच जंतू गिळतात. बेहरिंग, किटासाटो, अर्लिख या दुसऱ्या बाजूच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं की खरी करामत रक्तातल्या द्रवात आहे, ज्याला आपण आता अँटीबॉडी म्हणतो. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि अर्लिखला वाटून दिलं, आणि दोघंही बरोबरच होते. गिळणाऱ्या पेशी जंतूचे तुकडे करून टी पेशींना दाखवतात, टी पेशी बी पेशींना कामाला लावतात (टी आणि बी या दोन्ही पांढऱ्या रक्तपेशीच), बी पेशी अँटीबॉडी सोडतात, आणि त्यातल्या काही पेशी मेमरी, म्हणजे त्या जंतूची आठवण, म्हणून मागे राहतात. टी आणि बी वेगवेगळ्या असतात हे कळायला १९६० चं दशक उजाडलं, म्हणजे उंडेऱ्याचा हिशोब आधी लागला आणि त्यामागचं कारण साठेक वर्षांनी.

मेलेला जंतू टोचला तरी शरीराला तो ओळखता येतो, रोग मात्र होत नाही. ताप येतो तो शरीर कामाला लागल्याचा. फक्त पहिल्या वेळी अँटीबॉडी पुरेशा व्हायला एक-दोन आठवडे जातात, मेमरी असेल तर काही दिवसांतच होतात. टोचूनही आठ जणांना प्लेग का झाला, तर एक म्हणजे प्रत्येकाचं शरीर सारखं उत्तर देत नाही, आणि ज्यांच्या अंगात जंतू आधीच शिरलेला असतो त्यांना हा वेळच मिळत नाही.

१९९४ ला सुरतेत प्लेगची बोंब झाली, लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले, तेव्हा सगळे धावले ते टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलसाठी, लशीसाठी नाही. मेलेल्या जंतूची ही लस गाठीच्या प्लेगवर चालायची, फुफ्फुसाच्या प्लेगवर तिचा फारसा भरवसा नाही, आणि दारात साथ उभी असताना दोन आठवडे थांबणार कोण.