पट घटला, वाट तेवढीच: कमी पटाच्या शाळांची पार्श्वभूमी

३० सप्टेंबरच्या पटावरून शाळेची संचमान्यता होते, म्हणजे तिथे किती शिक्षक राहणार ते ठरतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा अशा शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांत साधारण १ लाख ८५ हजार मुलं.

या शाळा निघाल्या तेव्हा अडचण नेमकी उलटी होती. वाडीत मुलं होती, शाळा लांब होती. १९८७च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली देऊ केली. पुढे वस्तीशाळा आल्या. २०१०मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे नियमात आलं. सगळा हिशोब अंतराचा होता.

त्याच काळात घराघरांत मुलं कमी होत होती. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १९९२-९३मध्ये २.९ होता, २०१९-२१मध्ये तो १.७वर आला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शून्य ते सहा वयाची मुलं सुमारे १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर एकूण लोकसंख्याच घटली. जन्म कमी, त्यात तरुण जोडपी मुंबईला. वाडीत उरले आजी-आजोबा. जवळपास इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी येऊ लागली, तिथे उरलेला पटही फुटला.

नंदुरबारचं मात्र वेगळं आहे. त्याच दशकात तिथली लोकसंख्या पंचवीस टक्क्यांनी वाढली. सातपुड्यातले पाडे विखुरलेले असल्यामुळे तिथे शाळेचा पट लहान राहू शकतो. कोकणातली वाडी आणि सातपुड्यातला पाडा एकाच यादीत, एकाच आकड्याखाली येतात, हे मला चुकीचं वाटतं. एकीकडे मुलं खरोखर कमी झाली, दुसरीकडे ती आहेत, पण विखुरलेली.

२०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हाही मोजला तो पटच. सहा मुलांच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसतात, खेळायला गडी पुरत नाहीत, हे खरंच आहे. पण पहिलीतल्या मुलीला जुलैमध्ये वहाळ ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं असेल, तर आधी साकव, म्हणजे वहाळावरचा पायपूल, बघावा लागतो. पाणी चढलं की ती घरीच राहते, आणि नव्या शाळेच्या पटावर तिचं नाव मात्र असतं.