शनवार तेली, त्यांचा बैल आणि शब्बाथ

अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात बेने इस्रायलांना (म्हणजे कोकणातल्या ज्यूंना) पूर्वी लोक 'शनवार तेली' म्हणायचे, कारण धंदा तेल गाळायचा आणि शनवारी घाणा बंद. (सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, म्हणजे सुट्टीवरून ओळख पडायची आपल्याकडे.) हिब्रू बरीचशी विसरली होती पण शेमा प्रार्थना आणि हा शनवार, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस शब्बाथ, तेवढा धरून ठेवलेला.

आता गंमत बघा, त्या दिवशी घाण्याचा बैलही मोकळा, आणि हे मूळ आज्ञेतच आहे! दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात. 'निर्गम' या पुस्तकात कारण असं की देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी थांबला, पण 'अनुवाद' या पुस्तकात म्हटलंय की तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास हे विसरू नकोस, म्हणून तू, तुझे दास, बैल, गाढव सगळ्यांना विसावा. मला तर हे दुसरं जास्त भिडतं.

पण 'काम' म्हणजे नक्की काय? रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) यावर भरपूर डोकं लावलं, इ.स. २०० च्या सुमाराला मिश्ना या त्यांच्या नियमग्रंथात ३९ मना कामांची यादीच आली, पेरणं, दळणं, शिवणं, गाठ मारणं, विस्तव पेटवणं... म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लावून मोकळं व्हायचं, मग शनवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काम बंद.

येशूची भांडणंही यावरूनच. १८ वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला त्याने शब्बाथलाच बरं केलं, सभास्थानाचा (ज्यूंच्या प्रार्थनाघराचा) प्रमुख चिडला, तर हा म्हणतो तुम्ही बैल सोडून पाण्यावर नेता ना, मग हिला का नाही सोडवायचं? परत बैल!

सुरुवातीचे ख्रिस्ती ज्यूच होते, त्यामुळे शनवार होताच, येशूचं पुनरुत्थान रविवारचं म्हणून तोही दिवस महत्त्वाचा झाला. दुसऱ्या शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेबद्दल लिहितो, सरकारी सुट्टी मात्र ३२१ साली रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने दिली, कोर्ट बंद, शहरातले कारागीर बंद, पण शेतकऱ्याला सूट कारण पेरणीची वेळ हुकायला नको. म्हणजे बैल परत जुंपला.

पुढे १८६३ साली अमेरिकेत सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं, ते पुन्हा शनवारवर आले. पुण्यात औंध रोडचं स्पायसर त्यांचंच, तिथे शनवारी वर्ग भरत नाहीत.