एसएसबीला पाच दिवस का लागतात, त्यामागची गोष्ट

सैन्यात ऑफिसर होण्यासाठीच्या एनडीए किंवा सीडीएस परीक्षेची लेखी निघाली की घरात सगळ्यात आधी इंटरव्ह्यूचा विषय निघतो, आणि कोणीतरी मोठं माणूस सांगतंच की चांगला सूट शिव, रोज इंग्लिश पेपर वाच, नजरेला नजर देऊन बोल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण हा सल्ला ज्या इंटरव्ह्यूसाठी आहे तो बाजूला सारायला म्हणूनच एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडणारं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, आली. हा इतिहास तयारी करणाऱ्या मुलामुलींना कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

सुरुवात जर्मनीत झाली. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने त्यांच्यावर बंधन आलं, सैन्य जास्तीत जास्त १ लाख आणि त्यात ऑफिसर फक्त ४ हजार. एवढ्या कमी जागा म्हटल्यावर एकही माणूस चुकीचा घेऊन चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी निवडीसाठी मानसशास्त्रज्ञ बसवले, मॅक्स सिमोनाइट हे त्यातलं मोठं नाव. उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा त्याला काम द्या, अडचणीत टाका, ग्रुपमध्ये सोडा आणि काय करतो ते बघा, असा त्यांचा विचार होता.

इंग्रजांकडे तेव्हा उलट चित्र होतं. काही मिनिटांचा इंटरव्ह्यू, शाळा कुठली, वडील काय करतात, बोलणं-वागणं कसं, आणि निर्णय. शांततेच्या काळात हे खपून गेलं, पण दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी ऑफिसर लागायला लागले, नेहमीच्या घराण्यांतली मुलं पुरेनात, निवडलेल्यांपैकी बरेच जण ट्रेनिंगमधून परत पाठवावे लागत होते आणि साध्या घरातल्या शिपायांना वाटायचं की आपल्याला कोण ऑफिसर करणार. मग ब्रिटिश सैन्यात माणसांच्या भरतीचं खातं बघणारे जनरल सर रोनाल्ड अॅडम यांच्या पुढाकाराने १९४२ मध्ये वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड सुरू झाले. एडिनबरोत आधी प्रयोग झाले होते आणि त्यात जर्मन पद्धती तपासून घेतल्या होत्या, म्हणजे ज्याच्याशी लढाई चालू त्याच्याकडूनच शिकले. विल्फ्रेड बायन या डॉक्टरने त्यात लीडर नसलेल्या ग्रुपची कल्पना आणली: सात-आठ जणांना एक काम द्यायचं, प्रमुख नेमायचा नाही, आणि स्वतःला पुढे करण्याची धडपड आणि ग्रुपचं काम यांच्यात माणूस काय निवडतो ते बघायचं.

आज एसएसबीत जीटीओच्या, म्हणजे ग्रुपची कामं घेऊन पारखणाऱ्या ऑफिसरच्या, ग्राउंडवर जे होतं ते हेच. फट्टा (लाकडी फळी), बल्ली (लाकडी वासा) आणि रस्सी एवढंच सामान, लाल रंगाला हात-पाय लागू द्यायचा नाही, आणि सगळ्यांनी सामानासकट अडथळ्यांच्या पलीकडे जायचं. तिथे एखादा मोठमोठ्याने आयडिया देत असतो आणि एखादी गपचूप फट्ट्याचं टोक दाबून धरते म्हणून बाकीचे पार होतात. जीटीओ दोघांनाही बघत असतो, नुसत्या आवाजाला तिथे काही किंमत नाही. छातीवर चेस्ट नंबर असतो, पाच दिवस तीच तुमची ओळख, आडनाव बाजूला राहतं. वडिलांची शाळा-नोकरी बघून निवड करण्याच्या जुन्या सवयीवर यापेक्षा साधं उत्तर मला तरी सुचत नाही.

भारतात हे १९४३ मध्ये आलं, डेहराडूनला प्रायोगिक बोर्ड बसला. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संरक्षण खात्यात मानसशास्त्रीय संशोधनाची वेगळी शाखा झाली, आजची डीआयपीआर (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ सायकॉलॉजिकल रिसर्च) तीच, टेस्ट तयार करणं आणि तपासणारे घडवणं हे तिचं काम.

सायकॉलॉजीच्या टेस्टही जुन्या आहेत. टीएटी, म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायची टेस्ट, १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी बनवली. चित्र ३० सेकंद दिसतं, मग ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी ११ चित्रं आणि शेवटी एक कोरी स्लाइड, तिच्यावर गोष्ट स्वतःच्या मनातली. त्या कोऱ्या पडद्यासमोर बसल्यावर पाठ केलेल्या गोष्टी आठवतात खऱ्या, पण लगेच वॅट येते, शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायची टेस्ट, ६० शब्द आणि प्रत्येकाला १५ सेकंद, तिथे पाठांतर पुरत नाही आणि माणूस स्वतःचंच लिहायला लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने क्लासमध्ये मिळालेल्या तयार गोष्टी घोटल्या होत्या, प्रत्येक गोष्टीत हिरो गावात रक्तदान शिबिर घेणारच, आणि इंटरव्ह्यूत साधं विचारलं की तू स्वतः शेवटचं कोणाला मदत केलीस, तर तो अडकला.

तिथे मनसा, वाचा, कर्मणा असं म्हणतात. मनसा म्हणजे सायकॉलॉजिस्ट, वाचा म्हणजे इंटरव्ह्यू घेणारा ऑफिसर, कर्मणा म्हणजे जीटीओ. तिघं वेगवेगळे बघतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर कोणाचं नशीब ठरू नये म्हणून ही रचना, आणि तिचं वजनही तसंच आहे, एनडीएला लेखी ९०० मार्कांची तर एसएसबीही ९०० चीच.

आपल्याकडे याची दखल बऱ्यापैकी लवकर घेतली गेली. १९७७ मध्ये राज्य सरकारने तेव्हाच्या औरंगाबादला एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) काढली, एनडीएची तयारी करणाऱ्या दहावीनंतरच्या मुलांसाठी. नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, लेखी पास झालेल्यांना तिथे एसएसबीची मोफत तयारी मिळते, राहणं-जेवणासकट, आणि तरी खेड्यातल्या कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं, महागड्या क्लासला पैसे भरून झाल्यावर कळतं. मुलींना एनडीएची दारं तर सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडली, २०२२ मध्ये पहिली बॅच खडकवासल्याला आली, आणि त्याही याच फट्टा-बल्लीवरून, याच कोऱ्या स्लाइडसमोर बसून आल्या.