रोनाल्डोचा मोबाइल, छेत्रीचा घाम आणि बेळगावकडचा जुना वाद

चाळिशीत पोहोचलेल्या खेळाडूने समाजमाध्यमांवर किती वावरावे आणि त्या वावराचा त्याच्या मेहनतीशी काही संबंध असतो का, या प्रश्नावर बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले फुटबॉलप्रेमी गेली काही वर्षे हिरिरीने भांडत आले आहेत. नाव बहुतेक वेळा क्रिस्तियानो रोनाल्डोचे असते. मात्र बोलणे वाढत गेले की ते सुनील छेत्रीवर येऊन ठेपते, कारण तो आपल्या राज्याच्या संघाचा, म्हणजे बेंगळुरू एफसीचा, आणि आपल्या देशाचा खेळाडू. हा वाद मोबाइलमुळे जन्माला आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. मेहनत डोळ्यांनी पाहून पारखण्याची या भागातली सवय त्याहून बरीच जुनी आहे, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय या वादातला हट्ट उलगडत नाही.

बेळगावात फुटबॉल रुजला तो कॅम्प भागातून. १८५६ साली सुरू झालेली सेंट पॉल्स शाळा आणि १९२२ पासून येथे असलेले मराठा पलटणीचे केंद्र यांच्यामुळे या खेळाला मैदाने मिळाली आणि शिस्तही मिळाली. फादर एडी यांच्या स्मरणार्थ होणारी स्पर्धा, तिळकवाडीतले लेले मैदान, चोर्ला घाट ओलांडला की लागणारा गोवा आणि दुसऱ्या बाजूला शे-सव्वाशे किलोमीटरवरचे कोल्हापूर, अशा वातावरणात येथला प्रेक्षक घडला. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम यांसारख्या तालमींच्या नावाने संघ उतरतात, त्यामुळे खेळाडू पहाटे उठतो की नाही, रात्री कुठे बसतो, हे सगळे पेठेला ठाऊक असते. बेळगावात तालमींची ती ईर्षा तितकीशी नाही, पण नजर तीच आहे. सकाळच्या सरावात शेवटची फेरी कोण पळतो आणि कोण बुटाची नाडी बांधत वेळ काढतो, हे कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या नजरेतून सुटत नसे. पस्तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला सेंटर फॉरवर्ड दुसऱ्या हाफमध्ये कमरेवर हात ठेवून उभा राहिला की रेषेबाहेरून त्याचा उद्धार व्हायचा, आणि त्याच खेळाडूने वीस यार्डांवरून गोल मारला की तीच मंडळी आधी उभी राहायची. मेहनतीबद्दल मत द्यायचे तर ती आधी पाहिलेली असावी, हा येथला अलिखित नियम होता.

परदेशी खेळाडूंना तो नियम कधी लागूच पडला नाही. १९८६ च्या विश्वचषकात दूरदर्शनने मॅराडोना घरोघरी पोहोचवला खरा, पण त्याचे दर्शन सामन्यापुरतेच होते. तो सराव कसा करतो, काय खातो, कधी झोपतो, हे येथे कुणी पाहिले नव्हते आणि त्याबद्दल कुणी मतही देत नसे. पुढे केबल वाहिन्यांवर इंग्लंडची लीग नियमित दिसू लागली, तरी दिसत होते ते नव्वद मिनिटांचेच.

खेळाडू स्वतःहून पडद्याबाहेर येऊन बोलू लागला तो २०१० नंतर, आणि पहिली ठिणगीही इंग्लंडमध्येच पडली. जानेवारी २०११ मध्ये लिव्हरपूलच्या रायन बाबेलने पंच हॉवर्ड वेब यांचे मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीतले बनावट छायाचित्र ट्विटरवर टाकले आणि इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्याला १० हजार पौंडांचा दंड ठोठावला. त्याच वर्षी मे महिन्यात वेन रूनीची एका ट्विटर वापरणाऱ्याशी जुंपली, तेव्हा त्याचे प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी ट्विटर म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, त्यापेक्षा वाचनालयात जाऊन एखादे पुस्तक वाचावे, असे जाहीरपणे सुनावले. त्यानंतरच्या वर्षी अॅश्ली कोलला संघटनेविरुद्धच्या एका ट्विटसाठी ९० हजार पौंड मोजावे लागले. या साऱ्यात मुद्दा होता शिस्तीचा आणि तोंड आवरण्याचा. फोनमुळे खेळाडू आळशी होतो, असे तेव्हा कुणी फारसे म्हणत नव्हते.

तो आरोप पुढे २०१८ च्या सुमारास जोर धरू लागला. सप्टेंबरमध्ये लीग कपच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेड डर्बी काउंटीकडून पेनल्टींवर हरले. त्या सामन्यात न खेळलेल्या पॉल पोग्बाने प्रेक्षकांतून काढलेला हसताखेळताचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर झळकला आणि दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर प्रशिक्षक जोसे मोरिन्यो व पोग्बा यांच्यात झालेली शाब्दिक चकमक कॅमेऱ्यांनी टिपली. व्हिडिओ आधी काढलेला होता, पण नेटवर्कच्या अडचणीने उशिरा चढला, असा खुलासा नंतर पुढे आला. तोवर उशीर झाला होता, कारण पराभवानंतर हसणारा खेळाडू हे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले होते.

हे चित्र येथवर त्याच दिवशी पोहोचले, ही गोष्ट दोन वर्षांपूर्वी शक्य नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि जी भांडणे पूर्वी वृत्तपत्राच्या क्रीडा पानावर दोन दिवसांनी चार ओळींत यायची, ती आता चहाच्या गाड्यावर चित्रासकट मांडली जाऊ लागली. व्हिडिओ टाकायला वेळ मिळतो तर मागे पळायला का मिळत नाही, हा टोमणा त्याच काळातला. तो परदेशी खेळाडूला उद्देशून असला तरी त्यातली भाषा लेले मैदानाच्या कठड्यावरची आहे.

रोनाल्डोच्या बाबतीत या वादाला खरी धार आली ती २०२१ मध्ये तो युनायटेडमध्ये परतल्यावर. त्या हंगामात त्याने लीगमध्ये १८ गोल केले, संघात सर्वाधिक. तरीही चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना तो दाब देत नाही, म्हणून बाकीच्यांना दुप्पट पळावे लागते, असा आक्षेप इंग्लंडमध्ये आणि येथेही सतत घेतला गेला. दुसरीकडे त्याच्या मेहनतीच्या कथा आधीपासून प्रसिद्ध होत्या. त्याचा जुना सहकारी पात्रिस एव्हरा याने सांगितलेला किस्सा असा की, रोनाल्डोकडे जेवायला गेल्यावर पानात उकडलेले चिकन, सॅलड आणि पाणी एवढेच आले, आणि जेवण उरकताच यजमानाने चेंडू काढून सराव सुरू केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरण्यास नकार देऊन तो सामना संपण्याआधीच निघून गेला. नोव्हेंबरमध्ये पिअर्स मॉर्गन यांना दिलेल्या मुलाखतीने उरलेसुरले संबंधही तुटले आणि २२ तारखेला करार संपुष्टात आला. त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर ५० कोटी अनुयायांचा टप्पा गाठणारा तो पहिला माणूस ठरला. काम गेले आणि कीर्ती वाढली, अशी ही एकाच आठवड्यातली दोन टोके त्याच्या टीकाकारांना आयती सापडली.

सौदी अरेबियात गेल्यावरही हे थांबले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने यूट्यूब वाहिनी सुरू केली आणि एका दिवसाच्या आत तिचे सदस्य एक कोटीच्या पुढे गेले. मे २०२५ मध्ये एक अध्याय संपल्याची पोस्ट टाकून त्याने सगळ्यांना तर्क करायला लावले आणि पुढच्याच महिन्यात तेथल्या अल नस्र क्लबशी २०२७ पर्यंतचा करार केला. लोकांना बोलते ठेवण्याच्या या खेळात त्याचे कसब वाखाणण्यासारखे आहे, एवढे विरोधकांनीही मान्य करावे.

छेत्रीची गोष्ट याच साधनांची, पण तिचा बाज वेगळा आहे. जून २०१८ मध्ये मुंबईत भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवले तेव्हा स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ट्विटरवर व्हिडिओ टाकून, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी विनवणी केली. ४ जूनला केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याची तिकिटे संपली आणि त्याने दोन गोल केले. मोबाइलवर घालवलेला वेळ वाया जातो असे म्हणणाऱ्यांना या एका व्हिडिओचे उत्तर अजून देता आलेले नाही.

सीमाभागात छेत्रीवरचे प्रेमही सरळ रेषेत चालत नाही. येथून बेंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटर आणि गोवा हाकेच्या अंतरावर. त्यामुळे १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत बेंगळुरू एफसी आणि एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात भिडले, तेव्हा येथे एकाच घरात दोन बाजू होत्या. जादा वेळेत मुंबईकर राहुल भेकेने हेडरवर गोल केला आणि चषक छेत्रीच्या हाती गेला. मार्च २०२३ मध्ये केरला ब्लास्टर्सविरुद्ध बचावफळी उभी राहण्याआधीच त्याने फ्री किक मारून गोल केला, केरळचा संघ मैदान सोडून गेला, आणि समाजमाध्यमांवर त्याच छेत्रीवर शिव्यांचा वर्षाव झाला. ज्या माध्यमाने गर्दी आणली, त्यानेच झोडपले.

मे २०२४ मध्ये निवृत्तीही त्याने व्हिडिओतूनच जाहीर केली. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीने ९४ आंतरराष्ट्रीय गोलांवर तो थांबला, तेव्हा वाद मिटल्यासारखा वाटला. पण २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने वयाच्या चाळिशीत १४ गोल केले, भारतीयांमध्ये सर्वाधिक. प्रशिक्षक मानोलो मार्केस यांनी मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावले आणि मालदीवविरुद्ध पुनरागमनाच्या सामन्यातच त्याने गोल केला.

या वादात दोन्ही बाजूंकडचा पुरावा मुळातच कच्चा आहे. पूर्वी कठड्यावरचा माणूस सराव स्वतः पाहत होता. आज तो पाहतो ते खेळाडूने किंवा त्याच्या जाहिरातदाराने निवडून दाखवलेले. बर्फाच्या टबात बसलेला रोनाल्डो पाहून मेहनतीचे प्रमाणपत्र देणे आणि त्याचे महागडे घड्याळ पाहून ते प्रमाणपत्र काढून घेणे, दोन्ही सारखेच उतावीळ. मोजमाप हवे असेल तर ते उपलब्ध आहे. सामन्यात अंगावर जीपीएस उपकरण घालण्याची मुभा नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१५ मध्येच दिली आणि खेळाडू किती पळाला, किती वेगाने पळाला, हे क्लबांना तंतोतंत कळते. तेही पुरेसे नाही, कारण लिओनेल मेस्सी २०२२ च्या विश्वचषकात बराच वेळ चालतच होता आणि चषक उचलून घरी गेला. मेस्सीला जे माफ, ते रोनाल्डोला का नाही, या प्रश्नावर रोनाल्डोचे समर्थक हमखास आवाज चढवतात, आणि माझ्या मते तेथे त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव पत्करून भारत २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला. त्यानंतर येथल्या बोलण्यात छेत्रीचा फोन मागे पडला आहे. चाळिशीतल्या माणसाला परत बोलावण्याची वेळ का आली आणि त्याच्या जागी उभा राहील असा नऊ नंबरचा, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू एवढ्या वर्षांत का तयार झाला नाही, हा प्रश्न आता पुढे आला आहे, आणि त्याचा रोख खेळाडूवर नसून क्लब, लीग आणि संघटनेवर आहे.