खुल्या इंटरनेटची तत्त्वे (अमेरिका)

इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाच्या वापरात आडकाठी करू नये म्हणून अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (एफसीसी) ५ ऑगस्ट २००५ रोजी स्वीकारलेली चार धोरणतत्त्वे. कायदेशीर मजकूर मिळवणे, पसंतीची अ‍ॅप्लिकेशन्स व सेवा वापरणे, जाळ्याला अपाय न करणारी कायदेशीर उपकरणे जोडणे आणि कंपन्यांमधील स्पर्धेचा लाभ मिळणे, असे हे ग्राहकांचे चार हक्क.

तत्त्वांच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण त्यांचे श्रेय कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांच्या २००३ मधील ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’विषयक (सर्व इंटरनेट वाहतुकीला समान वागणूक देण्याविषयीच्या) लेखाला देतात. मात्र तत्त्वांची मांडणी आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष मायकेल पॉवेल यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये बोल्डर (कोलोरॅडो) येथील भाषणात सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांशी अधिक जुळते. उपकरणांविषयीच्या तत्त्वाचे मूळ त्याहून जुने असून ते १९६८ च्या कार्टरफोन निर्णयापर्यंत नेता येते. त्या निर्णयाने टेलिफोनच्या जाळ्याला बाहेरचे उपकरण जोडण्याची मुभा मिळाली होती. पॉवेल यांचे चौथे स्वातंत्र्य सेवायोजनेची माहिती मिळण्याचे होते. २००५ मध्ये त्याच्या जागी स्पर्धेचे तत्त्व आले. हा बदल वरवर किरकोळ दिसला तरी त्याने ग्राहकाचे नुकसानच झाले, कारण वेग कुठे व का कमी केला जातो हे कळल्याशिवाय उरलेले हक्क बजावता येत नाहीत. पारदर्शकतेचे तत्त्व सुचवले जाण्यास २००९ उजाडले. भेदभाव न करण्याचे तत्त्वही त्याच वेळी सुचवले गेले.

ही तत्त्वे म्हणजे नियम नव्हेत. ती स्वीकारली त्याच दिवशी आयोगाने डीएसएल सेवेला (टेलिफोनच्या तारांवरून मिळणाऱ्या इंटरनेटला) टेलिफोन कंपन्यांवरील समान वाहकाच्या, म्हणजे सर्वांना भेदभाव न करता सेवा देण्याच्या, बंधनांतून मोकळे केले. शिवाय ‘वाजवी जाळे-व्यवस्थापना’ची, म्हणजे जाळे सुरळीत चालवण्यासाठी वाहतुकीवर वाजवी नियंत्रण ठेवण्याची, सवलत कंपन्यांना देणारी तरतूद धोरणपत्राच्या तळटीपेत ठेवली होती. बिटटोरेंट (वापरकर्त्यांनी एकमेकांना फाइली पाठवण्याची पद्धत) वाहतूक रोखल्याबद्दल कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीविरुद्ध आयोगाने २००८ मध्ये दिलेला आदेश एप्रिल २०१० मध्ये न्यायालयात टिकला नाही. आयोगाच्या डिसेंबर २०१० च्या नियमांपैकी मजकूर न रोखण्याचे व भेदभाव न करण्याचे नियम जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयात रद्द झाले. पारदर्शकतेचा नियम मात्र राहिला.

२०१५ मध्ये आयोगाने ब्रॉडबँडला १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाखाली (समान वाहकांना लागू असलेल्या भागाखाली) आणले, २०१७ मध्ये ते मागे घेतले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा लागू करण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (अमेरिकेतील एका न्यायक्षेत्राच्या) संघीय अपील न्यायालयाने हा शेवटचा आदेश रद्द केला. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये या विषयावर स्वतंत्र राज्य कायदा केला आहे.